एका दरीचं बेपत्ता होणं

१

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास एक दरी बेपत्ता झाल्याचं कप्तानाच्या लक्षात आलं.

दरी लहानसहान नव्हती. तीन हजार दोनशे पावलं लांब, उत्तरेच्या टोकाला धबधबा, मधोमध दगडाची आपोआप तयार झालेली कमान आणि पूर्वेच्या कड्यात सात गुहा. असा ऐवज कुणी पिशवीत घालून जिना उतरू शकत नाही. तरीही ती जागेवर नव्हती. तिथं गुडघाभर पाण्याची दलदल पसरली होती आणि तिच्यात एक बगळा, या प्रकरणाशी आपला काडीचाही संबंध नाही अशा चेहऱ्यानं, एका पायावर उभा होता.

कप्तान जहाजावरचा नव्हे. तिसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्यांत कॉम्प्युटरवरचे खेळ तयार होत, त्या खोल्यांचा तो मालक. हात पाठीमागे बांधून खिडकीशी उभं राहायची सवय, म्हणून हे नाव. खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसते. तिच्याकडे तो समुद्राकडे पाहावं तसा पाहतो.

नव्या खेळात एक वाटसरू एका अफाट मुलखात भटकतो, एवढंच होतं. खेळाबरोबर मुलखाच्या नकाशांची पुस्तिका द्यायची होती, आणि ती छापूनही झाली होती. नकाशे काढले होते मोजणीदारांनी. हे कंपनीतल्या मुख्य प्रोग्रॅमरचे सासरे. छत्तीस वर्षं लोकांच्या शेतांचे बांध मोजून ते निवृत्त झाले. पुढं सुनेनं घरी एक कॉम्प्युटर आणून दिला आणि म्हणाली, "बाबा, हा मुलूख कुणीच मोजलेला नाही." आठ महिने रोज सकाळी आंघोळ करून, बुशशर्ट घालून, मोजणीदार कामावर गेल्यासारखे त्या खुर्चीत बसले. पाऊल न् पाऊल मोजून त्यांनी बावीस नकाशे काढले.

चौदाव्या नकाशावर ती दरी होती. कमानीचं चित्र जाहिरातीला शोभेल म्हणून कप्तान ऑफिसातल्या मशीनवर तिथं चालत गेला आणि त्याचे बूट भिजले. म्हणजे खेळातले.

सुनेनं घरी फोन लावला. "बाबा, जरा चौदा नंबरच्या जागेवर जाता का?"

फोन चालू ठेवून मोजणीदारांनी खेळ सुरू केला. एक पक्षी शीळ घालताना ऐकू आला. मग बराच वेळ कळफलकाची टकटक. मग तीही थांबली.

"दलदल आहे," मोजणीदार म्हणाले.

"तुमच्याकडेसुद्धा?"

"कमान इथंच होती." थोडा वेळ गेला. "होती ना गं?"

छत्तीस वर्षांत या माणसानं जमिनीबद्दल कुणाला 'ना' लावून प्रश्न विचारला नव्हता. सून फोन हातात धरून तशीच उभी राहिली.

२

सुनेनं दिवसभर ऑफिसातल्या मशीनवर सगळं तपासलं. मुलूख बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वर्षभरात एक स्वल्पविरामही हलला नव्हता. जुन्या आवृत्त्या जपून ठेवलेल्या असतात. तिनं आठ महिन्यांतली एकूण एक आवृत्ती उघडून चालवून पाहिली. सगळीकडे दलदल. सगळीकडे बगळा.

म्हणजे दरी चोरीला गेलीच नव्हती. ती कधी नव्हतीच.

मग तीन हजार दोनशे पावलं कुठून आली, याचं एकच उत्तर उरत होतं, आणि ते जेवणाच्या टेबलावर कुणी मोठ्यानं बोललं नाही. मोजणीदारांच्या मुलानं मात्र दुसऱ्या खोलीत जाऊन दवाखान्यात फोन केला. स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची गुरुवार, सकाळी साडेदहाची वेळ मिळाली. बाहेर येऊन तो म्हणाला, "बाबा, नुसती तपासणी. या वयात करून घेतलेली बरी."

मोजणीदार वाद घालणारे गृहस्थ. बांधाच्या एका वितीसाठी त्यांनी आमदाराच्या मेहुण्याला उन्हात उभं केलेलं. त्या दिवशी ते फक्त "बरं" म्हणाले.

मंगळवारी सकाळी गॅसच्या शेगडीवर एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली: 'बंद केला आहे. सात वाजून दहा.' दुसरी दारावर: 'कुलूप आतून.' अक्षर नकाशावरचंच, सुबक, एकसारखं. त्या चिठ्ठ्या पाहून सुनेनं मोजणीदारांच्या थोरल्या बहिणीला फोन केला.

शहात्तर वर्षांच्या आत्याबाई एका मोठ्या रुग्णालयात एकतीस वर्षं टोकन द्यायच्या खिडकीवर होत्या. रोज सहाशे माणसं, सहाशे दुखणी, आणि त्यातली निम्मी रांगेत घुसायला टपलेली. रांग कुठं हलली हे त्यांना पाठ करून बसल्या तरी कळायचं, असं तिथले वॉर्डबॉय अजून सांगतात. कॉम्प्युटरला मात्र त्यांनी आयुष्यात हात लावला नव्हता.

दारातच त्यांनी चिठ्ठी वाचली. भावाकडे पाहिलं.

"काय रे छोट्या, गॅसला पत्र लिहायला लागलास?"

एकाहत्तर वर्षांचा छोट्या हसला नाही. "ताई," तो म्हणाला, "त्या दरीत मी एकोणीस दिवस होतो. मला आठवतंय. पण ती नाहीये. मग आणखी काय काय आठवतंय, जे नाहीये?"

आत्याबाईंनी पिशवी खाली ठेवली.

३

"मला सगळं पहिल्यापासून सांग," आत्याबाई सुनेला म्हणाल्या. "मी अडाणी आहे असं समजून सांग. लाजू नकोस, खरंच आहे ते."

"मुलूख कुणी हातानं रचलेला नाही, आत्या. सुरुवातीचं गाव तेवढं रचलंय. बाकी सगळं कॉम्प्युटर बनवतो."

"मनाला येईल तसं?"

"त्याला मन कुठलं! साधा फासासुद्धा टाकता येत नाही त्याला. त्याला एक आकडा द्यायचा. त्याच्यावर तो ठरलेली आकडेमोड करतो, दुसरा निघतो. दुसऱ्यावर तीच आकडेमोड, तिसरा. बघणाऱ्याला वाटतं, काहीच्या काही आकडे येतायत. पण पहिला तोच दिला की मागची सगळी रांग तीच. त्या पहिल्या आकड्याला आम्ही सीड म्हणतो. म्हणजे बी."

"रांग," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच ओळखीचं काही आलं. "आणि त्या आकड्यांचं करायचं काय?"

"डोंगर आला की रांगेतला पुढचा आकडा घ्यायचा, तेवढी त्याची उंची. जमीन आली, पुढचा आकडा, तेवढी खोली. नदीचं वळण, झाडाच्या फांद्या, दगडावरची भेग… प्रत्येक जण आपला नंबर आला की एक आकडा घेऊन जातो."

"तुमचं बी कोणतं?"

"एक्केचाळीस हजार सातशे शहात्तर."

"मुहूर्त काढून ठरवलात?"

"पंख्याच्या मागच्या स्टिकरवर होता, आत्या. त्या दिवशी मान वर केली, दिसला, घातला."

सुनेनं आपला लॅपटॉप उघडून त्यांना मुलखात नेलं. आत्याबाईंना गवत दिसलं, एकेक पातं वेगळं. एक पान कडेला कुरतडलेलं होतं. नदीच्या काठाशी पाणी दगडाला वळसा घालून जात होतं आणि वळशापाशी फेस धरत होतं. दूर डोंगरांच्या मागं आणखी डोंगर, त्यांच्या मागं धूसर आणखी.

"हे सगळं कुठल्या कपाटात ठेवलंय?"

"कुठंच नाही. बंद केलं की काही उरत नाही, तेवढा आकडा उरतो. पुन्हा चालू केलं की पुन्हा सगळं नव्यानं होतं. तेच पान, तीच कुरतड."

"आणि तुझ्या पंख्यावर सत्त्याहत्तर लिहिलं असतं तर?"

"दुसरा मुलूख. यातलं काही म्हणजे काही नाही."

आत्याबाईंनी टेबलावरचा हात हळूच उचलून मांडीवर घेतला, देवघरात चुकून काही हलवल्यासारखा. एकतीस वर्षं आकडे वाटले. त्यातल्या एखाद्याच्या पोटात नदी असेल असा संशय त्यांना कधी आला नव्हता.

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे आकडा तोच, रांग तीच, आणि तरी जमीन वेगळी. सूनबाई, रांगेत कुणीतरी घुसलंय."

"कोण घुसणार, आत्या? आत कुणी माणसं नसतात."

"ते मी ऑफिसात येऊन बघते."

४

कप्तान खिडकीशी उभा होता. आत्याबाईंना त्यानं अदबीनं खुर्ची दिली आणि स्वतः उभाच राहिला.

"काकांबद्दल मला आदरच आहे," तो टाकीकडे पाहत म्हणाला. "पण आजी, माणूस थकतो. दरी सुचली असेल, काढली असेल. चांगली काढलीय. पुस्तिका मात्र रद्द."

"तुला दरी नकोच होती का?"

"मला? अहो, मी तिचा फोटो काढायला गेलो होतो! दोन तास चिखल तुडवला."

चोर स्वतःच बोंब मारत येतो असं खिडकीवर कैकदा घडलेलं. पण हा माणूस दलदलीबद्दल मनापासून चिडलेला होता. आत्याबाईंनी त्याला मनातल्या मनात पुढं सरकवलं.

पलीकडच्या खोलीत चित्रकार मुलगी होती. खेळातल्या झाडापानांसाठी तिनं बेचाळीस प्रकारचा हिरवा बनवला, तेव्हापासून सगळे तिला हिरवी म्हणत. मोजणीदारांशी तिचं भांडण झालं होतं, हे सुनेनं आधीच सांगून ठेवलं होतं. सातव्या नकाशावर त्यांनी शेरा मारला होता: 'ओढ्याचा रंग पाण्याचा नाही, पुदिन्याचा आहे.'

"राग आला होता ना?" आत्याबाईंनी विचारलं.

"आला होता. मग परत बघितलं तर खरंच पुदिना होता. बदलला." तिनं खुर्ची गर्रकन फिरवली. "पण रंगानं दरी बुजत नाही, आजी. मी साडी नेसवते. आतला डोंगर माझा नाही."

"मग म्हाताऱ्याला भास झाला म्हणतेस?"

हिरवी उठून दार लोटून आली. पुस्तिका उघडून चौदावा नकाशा त्यांच्यासमोर धरला.

"हे कुणाला सांगितलेलं नाही. बोलले असते तर मशीन हळू चालतं म्हणून तुमच्या सूनबाईंनी काढून टाकायला लावलं असतं. शेवाळ आहे ना, ते मी एका नियमानं लावलंय. दगडाच्या उत्तरेच्या अंगालाच, आणि पाण्यापासून बारा पावलांच्या आत असेल तरच. तेरावं पाऊल आलं की दगड कोरडा."

"बरं."

"आता हे बघा. धबधब्यापाशी काकांनी नऊ दगड टिपलेत. सहांवर शेवाळ, तीनांवर नाही. काल मी पट्टी लावून मोजलं. सहाच्या सहा बाराच्या आत. तिन्ही बाहेर. एक तर बरोब्बर तेराव्या पावलावर."

"भासातही तो मोजून मापून असेल. मी त्याला ओळखते."

"पण नियम माझा आहे, आजी. त्यांना माहीतच नाही. सगळ्या मुलखात दगडांवर धूळ, गवत, पालापाचोळा… शेवाळ एवढं कुठंच टिपलेलं नाही त्यांनी. या दरीतच." तिचा आवाज खाली गेला. "ती दरी याच प्रोग्रॅमनं बनवलीय. ते तिथं जाऊन आलेत."

आत्याबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. पुसायचा काही राहिला नव्हता, तरी पुसत राहिल्या.

दरी होती. मग आठ महिन्यांतल्या एकाही आवृत्तीत ती का सापडत नव्हती?

५

शेवटी राहिला भोंगा. खेळातले सगळे आवाज त्याचे. स्वतः मात्र इतकं हळू बोलायचा की त्याच्याशी बोलताना माणसं ओणवी व्हायची. आत्याबाई ओणव्या झाल्या.

"माझं कुणाशी वैर नाही," भोंगा कुजबुजला. "माझ्यावरच अन्याय झालाय."

"कसला रे?"

"पक्षी." त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "खेळ उघडला की सुरुवातीच्या चित्रात फांदीवर एक पक्षी गातो. एकदाच. त्याची मी सात गाणी रेकॉर्ड केली. सात! एकेका गाण्यासाठी पहाटे झुडपात बसलोय. ठरलं होतं की दर वेळी सातांतलं कुठलंही एक लागेल. आणि लागतं काय? चौथं. काल चौथं, आज चौथं, वर्षभर चौथं. बाकीची सहा अजून कुणी ऐकली नाहीत. मी तक्रार केली तर सगळे म्हणतात, योगायोग."

"वर्षभर योगायोग?"

"तेच म्हणतो मी!" भोंगा जवळजवळ ऐकू येईल इतक्या जोरात म्हणाला.

आत्याबाई सावकाश सरळ झाल्या. "हा पक्षी सातांतलं एक निवडतो कसा? चोचीनं?"

"आकडा घेऊन. जो पुढचा येईल तो."

"कुठून घेतो?"

भोंग्यानं खांदे उडवले. "ते सूनबाईंना विचारा. आकडे देणारी एकच मशीन आहे आमच्याकडे."

आत्याबाईंनी काहीच विचारलं नाही. रिक्षा करून त्या तडक भावाकडे गेल्या. मोजणीदार खिडकीशी बसले होते, कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला. आत्याबाईंनी टॉवेल काढला.

"छोट्या, सुरू कर हे."

"नको, ताई."

"मुलूख दाखवू नकोस मला. नुसतं उघड."

खेळ उघडला. फांदी दिसली. टेबलाच्या दोन्ही कोपऱ्यांवरच्या दोन काळ्या, चकचकीत खोक्यांतून पक्ष्यानं शीळ घातली.

"हे गाणं रोज ऐकायचास?"

"छे. हा ओरडायचा कुठं? या मशीनला आवाजच नव्हता. सूनबाईनं पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये आवाज बंद करून ठेवला, उगाच नसलेल्या स्पीकरच्या तक्रारी नकोत म्हणून. मला काय, जमीन डोळ्यांनी मोजायची असते."

"मग हे स्पीकर?"

"रविवारी माझा वाढदिवस होता ना? मुलानं आणले. त्यानंच जोडले, त्यानंच आवाज चालू करून दिला." मोजणीदार कौतुकानं म्हणाले. "चांगले आहेत. तबला काय वाजतो त्यांच्यावर!"

आत्याबाई खाटेवर बसल्या. एवढासा पक्षी. आणि त्यानं सात गुहा, एक धबधबा आणि तीन हजार दोनशे पावलं जमीन उचलून बाजूला ठेवली होती.

६

बुधवारी दुपारी तीन वाजता आत्याबाईंनी सगळ्यांना कप्तानाच्या खोलीत जमवलं. मुलालाही बोलावलं होतं. तो अर्धी रजा टाकून आला होता आणि सारखा घड्याळ पाहत होता. मोजणीदार आले नाहीत. मला पुन्हा चिखल दाखवू नका, म्हणाले.

"रांग लावा," आत्याबाई म्हणाल्या. एकतीस वर्षांचा आवाज होता तो. कप्तानसुद्धा खिडकी सोडून आला. "तू डोंगर. तुझ्यामागं हिरवी, तू जमीन. सूनबाई, तू नदी. भोंग्या, तू दाराबाहेर थांब, तू पक्षी. तुझा आवाज बंद आहे."

"तो असतोच," हिरवी म्हणाली.

आत्याबाईंच्या हातात चार चिठ्ठ्या होत्या, ठरलेल्या क्रमानं लावलेल्या. "या रांगेतून आलेल्या आकड्यांच्या. क्रम बदलायचा नाही. एकेकानं या."

कप्तानाला मिळाला चार. हिरवीला नऊ. सुनेला एक.

"डोंगर चार, मध्यम. जमीन नऊ, खोलच खोल. नदी एक, सरळ कोसळणारी. काय झालं?"

"दरी," सून म्हणाली. बोलता बोलता तिचा हात तोंडाकडे गेला.

"चिठ्ठ्या परत द्या. त्याच, त्याच क्रमानं. आता भोंग्या, आवाज चालू. आत ये, आणि सगळ्यांत पुढं उभा राहा. खेळ उघडला की पहिलं कोण दिसतं? तू."

भोंग्याला चार मिळाला.

"चौथं गाणं," तो म्हणाला, आणि या वेळी सगळ्यांना ऐकू आलं.

"डोंगराला आता काय उरलं? नऊ. जमिनीला एक, म्हणजे गुडघाभर. नदीला सात, सतरा वळणं घेत पसरणारी. दलदल. बगळा बोनस." आत्याबाई खुर्चीत बसल्या. "आकडे कुणी चोरले नाहीत. बी कुणी बदललं नाही. पुढं एक गिऱ्हाईक वाढलं, नि मागच्या प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचा आकडा आला. डोंगरापासून गवतापर्यंत. तुमच्या ऑफिसात आवाज कायम चालू, म्हणून तुम्ही कितीही जुनी आवृत्ती काढा, दलदलच. छोट्याच्या घरी आठ महिने आवाज बंद, म्हणून त्याला दरी. आणि गाव हातानं रचलेलं, दोन्हीकडे सारखं. बाकीचे एकवीस नकाशे हातात घेऊन तुमच्यातलं कुणी चाललंच नाही. मग शंका कुणाला येणार?"

"पण मग सोमवारी बाबांच्या मशीनवर…" मुलगा म्हणाला आणि थांबला.

"रविवारी तिथं आवाज चालू कुणी केला?"

मुलगा कुणाकडेच न पाहता म्हणाला, "मी. वाढदिवसाची भेट."

सून कॉम्प्युटरपाशी गेली होती. तिनं आवाज बंद केला, खेळ उघडला. फांदीवरचा पक्षी मुकाट बसून राहिला. गाव आलं. ती चालत निघाली. चौदावा नकाशा हिरवीनं शेजारी धरला होता. ओढा ओलांडला. टेकडी चढली. टेकडीच्या माथ्यावर जमीन संपली.

पायाखाली ऊन कड्यांवरून तिरपं उतरत होतं. फार खाली पाणी चमकत होतं, आणि त्याच्यावर, दोन कड्यांना हात दिल्यासारखी, दगडाची कमान होती. पलीकडं धबधबा आवाज न करता पडत होता. ही जागा यांपैकी कुणी बनवली नव्हती. यांपैकी कुणी पाहिलीही नव्हती. एक म्हातारा बुशशर्ट घालून एकोणीस दिवस इथं एकटा हिंडला होता.

बऱ्याच वेळानं कप्तानानं विचारलं, "यांतला खरा मुलूख कोणता?"

"दोन्ही," सून म्हणाली.

"आणि पक्षी दोनदा गायला असता तर?"

"तिसरा."

"तीनदा?"

कप्तान पुन्हा खिडकीशी गेला. पाण्याच्या टाकीकडे त्या दिवशी तो जरा दबकूनच पाहत होता.

संध्याकाळच्या आत सुनेनं पक्ष्याला रांगेतून बाहेर काढलं. आकडे देणारी दुसरी मशीन फक्त त्याच्यासाठी बसवली. तिचं बी खेळ उघडायच्या क्षणी घड्याळात जे असेल ते. म्हणजे तो दर वेळी वेगळं गाईल आणि डोंगरांना त्याचा पत्ताही लागणार नाही. पहिल्याच फेरीला सहावं गाणं लागलं. भोंगा खोलीबाहेर जाऊन उभा राहिला.

"हे बाबांना कोण सांगणार?" सुनेनं विचारलं.

आत्याबाईंनी भाच्याकडे पाहिलं. "कुणी काही सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "सांगितलं तर म्हणेल, माझी समजूत काढताय."

७

मुलगा घरी आला तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. मोजणीदार खाटेवर, तोंड खिडकीकडे, पाठ खोलीकडे. उद्या दवाखान्यात न्यायचे कागद त्यांनी एका पिशवीत नीट लावून ठेवले होते.

मुलानं सुनेनं दिलेली नवी आवृत्ती मशीनवर चढवली आणि खुर्चीत बसला. खेळ उघडला. पक्षी गायला.

"हा आज वेगळंच गातोय," मोजणीदार न वळता म्हणाले.

"बाबा, मला दरीत घेऊन चला."

"दरी नाहीये तिथं. उगाच कशाला…"

"तुम्ही वाट सांगा. मी चालतो. वळून बघू नका."

मोजणीदार कुणाला तरी लेखी जबाब द्यावा तसे बोलायला लागले. "विहिरीपासून उत्तरेला. दोनशे दहा पावलं. ओढा लागेल, वरच्या अंगानं ओलांड, खाली निसरडं आहे."

कळफलक टकटकत राहिला.

"टेकडी. सरळ चढू नकोस, डावीकडून घे. माथ्यावर…" ते थांबले. "आता तुला चिखल दिसत असेल."

"पुढं सांगा."

"कडेकडेनं खाली उतर. सत्तर पावलांवर वाट कपारीत शिरते. बाहेर पडलास की डोक्यावर कमान येईल. तिच्या डाव्या खांबाला उभी भेग आहे, हात जाईल एवढी."

मुलाची खुर्ची करकरली.

"कमानीखालून धबधब्याकडे. पहिल्या गुहेशी थांब. तिच्या मागं वळलास तर एक झाड आहे, एका बुंध्यातून तीन खोडं फुटलेलं. मधलं वाळलेलं. ते मी नकाशात घेतलं नाही. कागद संपला होता, आणि एका झाडासाठी नवा कशाला." मोजणीदारांनी हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली. "ते नसेलच. पण मला दिसतं ते."

टकटक झाली. मग थांबली.

"काय रे?"

"मधलंच वाळलेलं आहे, बाबा."

मोजणीदार उठले. खोली ओलांडून मुलाच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. स्क्रीनवरच्या त्या झाडाकडे, त्याच्या पलीकडच्या पाण्याकडे, वरच्या सात गुहांकडे त्यांनी एकेक करून पाहून घेतलं. मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"जरा सरक," ते म्हणाले.